फादर, तुमची बदली होईल

सकाळची साडेसहाची मिस्सा संपली होती. मी मिस्साचे कपडे उतरवून घडी घालत होतो, तेवढ्यात मागच्या दाराशी एक आजी येऊन उभ्या राहिल्या. लाल लुगडं, कमरेला खोचलेला पदर, डोक्यावरची फुलांची पाटी उतरवून उंबऱ्याबाहेर ठेवलेली. रोजची दादरची गाडी त्यांनी त्या दिवशी सोडली होती. मी बसायला खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. आपल्या सामवेदी बोलीत त्या जे बोलल्या, ते असं: “फादर, पाच-सहा वर्षांनी तुमची बदली होईल. आम्हाला इथंच राहायचंय. बावखल बुजवलंत तर आमच्या विहिरीचं पाणी खारं होईल, ते गोड करायला तुम्ही परत येणार का?”

आदल्या रविवारी मी वेदीवरून जाहीर केलं होतं, की चर्चच्या मागचं जुनं बावखल भरून तिथं गाड्या लावायला जागा करायची. लग्नाच्या दिवशी रस्ता तुंबायचा, लोकांची तक्रार होती. मी छत्तीस वर्षांचा होतो, प्रमुख धर्मगुरू म्हणून पहिलीच नेमणूक. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत अकरा माणसं होती, त्यांतले सात वाडीवाले. बावखल म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट कळत होतं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आसपासच्या विहिरी गोड ठेवतं, खाडीचं खारं पाणी आत सरकू देत नाही. पावसाळ्यात वाडीतलं जादा पाणी उतरतं तेही तिथंच. तरी एकानेही विरोध केला नाही. “फादर म्हणतात तर करूया,” एवढंच.

त्या बैठकीवर मी नंतर किती रात्री विचार केला असेल! चूक साधी होती. बैठकीत सर्वांत आधी मी बोललो होतो. धर्मगुरू आधी बोलला, की बैठक तिथंच संपते. पुढे उरतो तो चहा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनी आपल्या मठाच्या नियमावलीत मठाधिपतीला सांगून ठेवलंय, की महत्त्वाचं काम निघालं तर सगळ्यांना बोलाव, आधी ऐक, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो. सेमिनरीत मी हा नियम परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

गेली बारा वर्षं तरुण धर्मगुरूंच्या घडणीचं काम माझ्याकडे आहे. दीक्षा होऊन पाचएक वर्षं झालेले, नुकते कुठे साहाय्यकाचे प्रमुख होऊ घातलेले हे तरुण. सेमिनरीत नऊ-दहा वर्षं तत्त्वज्ञान, ईशज्ञान, बायबल शिकून ते येतात आणि एका जून महिन्यात त्यांच्या हाती शाळा, दफनभूमी, सणाचा हिशेब, भांडणारी दोन मंडळं आणि गळकं छप्पर येतं. त्यांना व्यवस्थापन शिकवा, असं लोक मला सुचवतात. शिकवतो. बजेट कसं करायचं, कंत्राट कसं वाचायचं, सगळं. पण शिबिराच्या पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न फळ्यावर लिहितो: गेल्या महिन्यात तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणालं? बहुतेकांची पानं कोरी राहतात. कोरं पान बघितलं, की मला त्या तरुणाची काळजी वाटू लागते.

लग्न झालेल्या पाळकाला निदान घरात बोलणारं कुणी असतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण मी आवर्जून देतो. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे मराठी ख्रिस्ती समाजाचे ते मोठे पुढारी झाले. पण ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. त्यांचा क्षणात भडकणारा राग, घरखर्चाचे पैसे हातात न टिकणं, संसाराची फरफट, सगळं आलंय, आणि त्या सगळ्याच्या तळाशी अपार माया आहे. आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची पगाराची नोकरी सोडून ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडायची हिंमत टिळकांमध्ये आली. माझी समजूत अशी, की जन्मभर समोर उभं राहून खरं बोलणारं माणूस घरात होतं, म्हणून टिळक शेवटपर्यंत वाढत राहिले. आम्हा कॅथलिक धर्मगुरूंना ते माणूस घरात आयतं मिळत नाही. रात्री आठला ताटावर एकटा बसलेला धर्मगुरू आणि समोर झाकून ठेवलेली भांडी, हे चित्र मी आमच्या वसईतल्या चर्चच्या कितीतरी बंगल्यांत पाहिलंय. दिवसभर ‘फादर, फादर’ म्हणणारी माणसं त्या वेळी आपापल्या घरी असतात. कुणी मग कामात बुडतो, कुणी मोबाइलमध्ये, कुणी बाटलीत. 1992 च्या आपल्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी धर्मगुरूच्या घडणीचे चार पैलू सांगितले: मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि मेषपालकीय. त्यांतला मानवी पैलू त्यांनी पाया मानला. आमच्याकडे पायाच कच्चा राहतो आणि वर मजले चढतात. तडा गेला, की माणसं म्हणतात, फादरची प्रार्थना कमी पडली. दर वेळी तसं नसतं. पुष्कळदा त्याला मित्र कमी पडलेले असतात.

चर्चचा कायदा याबाबतीत शहाणा आहे. 1983 च्या कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, ती ऐच्छिक नाही. प्रमुख धर्मगुरूने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांची काळजी, त्यांचं दुःख जाणून घ्यावं, हेही त्यात कर्तव्य म्हणून लिहिलंय. मी तरुणांना सांगतो, अर्थसमितीत आपल्या मर्जीतली माणसं भरू नका. बँकेतून निवृत्त झालेला, प्रत्येक पावती मागणारा तो चिकट माणूस आधी घ्या. आणि घरभेटीला जाल तेव्हा आशीर्वाद देऊन पाच मिनिटांत उठू नका. चहा येईपर्यंत माणूस औपचारिक बोलतो, चहा संपल्यावर खरं बोलतो.

वसईच्या मातीला मोठे धर्मगुरू लाभले आणि त्यांचं मोठेपण मला नेहमी एकाच जागी दिसतं: त्यांनी स्वतःला मध्यभागी ठेवलं नाही. मॉन्सिनियर पी. जे. मोनीज यांनी 1918 साली सहकारी पतसंस्था काढली. शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहू नये, ही त्यामागची कळकळ. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली आणि शतक उलटून गेल्यावरही उभी आहे. संस्थापकावाचून चालेल अशी गोष्ट उभी करायला मन मोठं लागतं.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचा हा मुलगा 1972 मध्ये धर्मगुरू झाला, 1983 पासून 2007 पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक होता. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर गेली तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली तो रस्त्यावर उतरला. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्यातलं वेगळं काही शिकवावंसं वाटतं. ते चर्चच्या आवाराबाहेर गेले. तिथं त्यांचा हात कपाळाला लावायची कुणाला सक्ती नव्हती. आंदोलनात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शेतकरी, शिक्षक, कार्यकर्ते एकाच सतरंजीवर बसत. साहित्यातही तेच, तिथं झग्याला वेगळा मान नाही. बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी तुकोबांचा देवानुभव अभ्यासला, तोही मला याच वाटेवरचा प्रवास वाटतो. आपल्याला गुरू न मानणाऱ्या माणसांत जाऊन बसणं, त्यांच्या संतापुढे विद्यार्थी होणं, यानेच धर्मगुरू वाढतो. 25 जुलै 2024 रोजी दिब्रिटो गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रडणाऱ्यांत चर्चची पायरी कधी न चढलेली माणसं होती.

पोप ग्रेगरी पहिले यांनी 590 च्या सुमारास मेषपालांसाठी एक ग्रंथ लिहिला. त्याचा तिसरा भाग सर्वांत लांब: गरिबाशी कसं बोलावं, श्रीमंताशी कसं, भित्र्याशी कसं, उद्धटाशी कसं. चौथा भाग जेमतेम एका प्रकरणाचा. त्यात एवढंच सांगितलंय, की सगळं नीट पार पाडल्यावर उपदेशकाने स्वतःकडे परत यावं, नाहीतर यशानेच तो फुगेल. आमच्या शिबिरात शेवटच्या दिवशी ते एक प्रकरण आम्ही मोठ्याने वाचतो आणि अर्धा तास कुणी बोलत नाही.

ते बावखल बुजवलं नाही. पुढच्या रविवारी मी वेदीवरूनच सांगितलं, की निर्णय चुकला, मी घाई केली. पाय कापत होते. खाली बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर मला राग दिसेल असं वाटलं होतं, दिसला तो सुटकेचा भाव. त्याच महिन्यात कौन्सिलच्या बैठकीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, “फादर, मला हे पटत नाही.” मला तो आवाज अजून ओळखता येतो. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा मी दुसऱ्या गावी होतो. फोन करून विचारलं, चर्चमागे काय स्थिती आहे? बावखल काठोकाठ भरलं होतं, पण आळीतल्या घरांत पाणी शिरलं नव्हतं.

माझी त्या गावातून बदली झाली ती मे महिन्यात. नव्या फादरांना किल्ल्या दिल्या, पासबुकं दिली, छप्पर कुठं गळतं ते दाखवलं. मग एक शाळकरी वही दिली. पहिल्या पानावर चार नावं आणि त्यांची घरं कुठल्या आळीत आहेत ते लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, हे देणगीदार का? म्हटलं, नाही, ही माणसं तुम्हाला खरं सांगतील, यांच्याकडे आधी जा. पहिलं नाव त्या आजींचं होतं. त्या तोवर थकल्या होत्या, दादरला जाणं थांबलं होतं, म्हणून पुढे कंसात लिहिलं होतं: दुपारी चारनंतर जावे, ओट्यावर बसलेल्या असतात.