मी ‘सेटल्ड’ होतो!

आमच्याकडे ‘सेटल्ड’ हा शब्द लग्नाच्या बोलणीत चालतो. ‘मुलगा सेटल्ड आहे हो’ म्हणजे नोकरी पक्की, डोक्यावर छप्पर, बाकी आलबेल. माझ्या नावापुढे हा शब्द पहिल्यांदा छापून आला तो मात्र सिबिलच्या रिपोर्टात. आणि तो आधी वाचला माझ्या धाकट्या बहिणीने.

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर. बाबा जवळच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर होते. मी मात्र मेट्रो स्टेशनजवळच्या काचेच्या ऑफिसात! पहिल्याच वर्षी क्रेडिट कार्ड आलं. मग फोन, शूज, मित्रांबरोबर गोवा... बिल आलं की मी ‘मिनिमम ड्यू’ भरून मोकळा. बिलाच्या पाच टक्के भरले की लेट फी लागत नाही, एवढंच मला कळलेलं. उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज चढतं, हे स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षरं कोण वाचतो? तुम्ही वाचता?

२०२० च्या मे महिन्यात पगार अर्धा झाला, ऑगस्टमध्ये नोकरीच गेली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. ती मी आनंदाने घेतली, पण व्याज काही थांबलं नव्हतं. डिसेंबरात आकडा १,८६,००० वर गेला आणि वसुलीचे फोन सुरू झाले. (सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं. माझी पाळी आधीच येऊन गेली होती.) फोन वाजला की मी जिन्यात पळायचो. घरी सांगायचो, इंटरव्ह्यूचा आहे. परत आलो की आई विचारायची, ‘‘काय म्हणाले रे?’’

त्या दिवसांत दिवाळखोरीचा कायदाही धुंडाळला. मुंबईत माणसाने दिवाळं जाहीर करायचं तर १९०९ सालचा, इंग्रजांच्या काळातला कायदा आहे आणि वाट हायकोर्टाची. त्या वाटेने गेलेला एकही पगारदार मला भेटला नाही. आमच्यासारख्यांचं दिवाळं फोनवरच निघतं. ‘‘सर, ऐंशी हजार एकदम भरा, मॅटर क्लोज.’’ तोवर नवी नोकरी लागली होती. मित्राकडून थोडे घेतले, भरून टाकले. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी गाढ झोपलो.

२०२२ च्या जूनमध्ये बहिणीला फिजिओथेरपीच्या मास्टर्ससाठी शैक्षणिक कर्ज हवं होतं. बाबा रिटायर झालेले, म्हणून सहकर्जदार मी. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. स्कोअर ५६१. बहिणीने वाचलं आणि हळूच विचारलं, ‘‘दादा, सेटल्ड म्हणजे चांगलंच ना?’’

बाईंनी समजावलं. पूर्ण फेडलेलं खातं ‘क्लोज्ड’. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने मिळालं तेवढं घेतलं आणि उरलेल्यावर पाणी सोडलं, पण विसरली मात्र नाही. कर्ज नामंजूर. फी बाबांच्या पीएफमधून गेली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘कुणाचे किती बुडवलेस?’’

वर्कशॉप चार महिने बंद होतं तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याने याच माणसाला वहीवर धान्य दिलं होतं. ना कागद, ना सही.

मी रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासून तसा नियमच आहे. त्यात एका जुन्या मोबाईलच्या हप्त्याचे ४१२ रुपये थकीत दिसत होते, जे मी कधीच भरलेले. पावती जोडून तक्रार केली, नोंद सुधारली. ‘पंधरा दिवसांत स्कोअर वाढवून देतो’ म्हणणारेही भेटले. खरी नोंद कुणीही पुसून देऊ शकत नाही, तेव्हा त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. बँकेत जाऊन उरलेले १,०६,००० भरायचेत म्हटलं तर तिथल्या माणसाने मला दोनदा विचारलं. मित्र म्हणाले, येडा आहेस, सुटलेले पैसे कुणी परत देतं का? आधी बँकेकडून लेखी घेतलं, मग अकरा महिन्यांत भरले. ‘नो ड्यूज’चं पत्र मिळालं, रिपोर्टात ‘क्लोज्ड’ झालं.

नवं कार्ड कोण देणार होतं? २५,००० ची एफडी ठेवली आणि तिच्यावर २०,००० मर्यादेचं कार्ड घेतलं. त्यावर फक्त मोबाईलचं बिल आणि मेट्रोचा रिचार्ज. महिन्याला चार हजारांच्या वर जायचं नाही आणि बिल पूर्ण भरायचं. पहिले सहा महिने स्कोअर ढिम्म हलला नाही. मग कधी आठने, कधी पंधराने सरकायला लागला. तीन वर्षांनी ७४२ दिसला, तेव्हा आधी बहिणीला दाखवला. ती आता नोकरीला लागलीय. ‘‘आता तू माझा सहकर्जदार नकोसच,’’ म्हणाली, आणि हसली.

पीएफचे पैसे मी बाबांना दर महिन्याच्या पाच तारखेला देतो, पाच हजार. ते जुन्या डायरीत लिहून ठेवतात. गेल्या महिन्यात मला दोन दिवस उशीर झाला. बाबा काही बोलले नाहीत. नंतर डायरी उघडून बघितली, तर त्यांनी सात तारीख टाकली होती.