कलता धरून पाहा

चमकत्या शाईचा फवारा कागदावर पडतो तेव्हा पहिल्या क्षणी काहीच चमकत नाही. ओला, जरासा गढूळ कागद, एवढंच. कण अजून पाण्यात गिरक्या घेत असतात, त्यांची तोंडं दाही दिशांना असतात. पाणी उडत जातं तसा एकेक कण खाली बसतो, कागदाच्या अंगाला अंग लावून आडवा होतो, आणि मग कडेकडून उजेड फुटायला लागतो. या कामातली मला सगळ्यात प्रिय वेळ हीच. हेअर ड्रायर लावला तर ती वाचवता येते, पण जोराचा वारा थेंबांना ढकलत नेतो आणि कण एका बाजूला साचतात. कागद सपाट ठेवून थांबावं. सावलीत, पंखा बंद करून.

फवाऱ्याशी आपली ओळख जुनी आहे. शाळेत चित्रकलेच्या तासाला कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश पोस्टर कलरमध्ये बुडवायचा आणि फणीवरून घासायचा. बोटं रंगायची, शेजारच्याची वही रंगायची. पण पान उचललं की खाली पांढरंशुभ्र पान उमटलेलं असायचं, भोवती रंगाच्या बारीक थेंबांचं धुकं. आज स्टेन्सिल ठेवून बाटलीचा नॉझल दाबणारी मंडळी तेच करतात. फरक इतकाच, की आता स्टेन्सिल उचलल्यावर काम संपत नाही. त्याच्या पाठीवर शाई ओली असते. ते तसंच उलटं दुसऱ्या कागदावर दाबलं की पहिल्यापेक्षा फिकट, कडा विरलेला ठसा मिळतो. मला बहुधा हा दुसरा ठसाच अधिक भावतो. मिश्र माध्यमाच्या कामात, म्हणजे जुनी पत्रं, कापडाचे तुकडे, सुकलेली पानं एकावर एक चिकटवत जाताना, असा अर्धवट ठसा खालच्या थराला बोलू देतो. मेणबत्तीनं आधी काही रेघोट्या ओढून ठेवल्या तर तिथे शाई धरत नाही, आणि फवाऱ्याच्या धुक्यातून त्या रेघा आपोआप वर येतात.

बाटली काही वेळ ठेवली की तळाशी पांढरट गाळ बसतो. तो अभ्रकाचा. अभ्रक पाण्याच्या पावणेतीन पट जड, तो तरंगत राहणार नाही. म्हणून प्रत्येक फवाऱ्याआधी बाटली हलवायची, आणि नॉझल तुंबला तर कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. अभ्रक हा दगड मोठा नवलाचा आहे. नखानं सोलावा तसा पदरापदरानं सुटतो आणि कितीही पातळ सोलला तरी पापुद्रा पारदर्शकच राहतो. या पापुद्र्याच्या सूक्ष्म कणांवर टिटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवतात. लेप 40 ते 60 नॅनोमीटर जाडीचा असेल तर चमक रुपेरी येते. थोडा जाड केला की सोनेरी. पुढे तांबूस, निळी, हिरवी. सोनेरी दिसणाऱ्या त्या भुकटीत पिवळा रंग घातलेलाच नसतो. उजेडाचे काही किरण लेपाच्या वरच्या पृष्ठभागावरून परततात, काही खालच्या पृष्ठभागावरून, आणि वाटेत त्यांची गाठ पडून काही रंग उजळतात, काही विझतात. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात ते याच कारणानं. म्हणून ही शाई पांढऱ्या कागदावर लाजते आणि काळ्या कागदावर बोलते. कागद मात्र जाड हवा, 300 जीएसएमचा जलरंगाचा असेल तर उत्तम. झेरॉक्सचा कागद ओलाव्यानं गुंडाळला जातो.

अभ्रक कागदावर आणणारे आपण पहिले नाही. जपानमध्ये अभ्रकाची पूड सरसात कालवून लाकडी ठशांच्या चित्रांची पार्श्वभूमी उजळवीत. 1794 साली त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकानं शाराकू नावाच्या चित्रकाराची काबुकी नटांची 28 मोठी मुखचित्रं प्रसिद्ध केली, त्यांची काळसर पार्श्वभूमी अभ्रकाची आहे. शाराकूची सगळी कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांची. ती चित्रं आज आपल्याला बहुतेक पुस्तकांतच भेटतात, आणि पुस्तकात ती पार्श्वभूमी नुसती करडी दिसते. दिव्याच्या उजेडात चित्र हातात धरून जरा कलतं केलं की नटाच्या चेहऱ्यामागून उजेड सरकत जाई. ते छपाईत येतच नाही. आपल्या दख्खनच्या जुन्या हस्तलिखितांतही सोन्याचा वर्ख चुरून शिंपडलेले कागद आहेत. अक्षरं वाचणाऱ्यानं पान उलटता उलटता ते कण मिणमिणत असणार.

कलतं धरणं हेच या शाईचं मर्म आहे, असं मी मानते. स्कॅनरखाली तिची राख होते. मोबाइलच्या फोटोत फार तर एक कोन सापडतो, तोही गोठलेला. पाहणाऱ्याचा हात, खिडकीतून येणारा उजेड आणि कागद ही तीन एकत्र आली तरच तिचं काम पूर्ण होतं. प्लॅस्टिकच्या चमकीचं तसं नाही. ती दुरूनही ओरडते, आणि कपड्यांवरून, फरशीवरून जाता जात नाही. पुढे ती पाण्यात जाते. युरोपीय संघानं 2023 च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली ते मला योग्यच वाटतं.

पण अभ्रकाचंही एक दुखणं आहे आणि ते आपल्याच देशातलं आहे. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून माणसं अभ्रकाचा चुरा वेचतात. तिथे त्याला ढिबरा म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात. बिळासारख्या बोगद्यांत माती ढासळून माणसं गाडली गेली आहेत. हे थांबावं म्हणून 2017 मध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह हा उपक्रम सुरू झाला. प्रयोगशाळेत घडवलेला कृत्रिम अभ्रकही आता मिळतो, तो अधिक स्वच्छ आणि अधिक पारदर्शक असतो. कागदावर चांदणं उतरवायचं तर ते कुणा मुलाच्या अंधारातून आलेलं नको. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत बाटली विकत घेताना अभ्रक खाणीतला की कृत्रिम, एवढं विचारावं. दुकानदाराला ठाऊक नसेल तर बाटलीवरचा मजकूर वाचावा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्या वेळी तो पुढच्या व्यापाऱ्याला विचारतो.

बाटलीच हवी असंही नाही. चिमूटभर अभ्रकपूड, पाणी आणि बाभळीच्या डिंकाचे थोडे थेंब एवढ्यात घरची शाई होते. डिंक कमी पडला तर वाळल्यावर पूड बोटाला लागते, जास्त झाला तर नॉझल तुंबतो. एका कागदाच्या कपट्यावर आधी पाहून घ्यावं. घरची शाई पुरून उरेल एवढी करू नये, डिंकाला वास येतो.

या दिवाळीला एक तरी भेटकार्ड असं करा. आणि केल्यावर त्याचा फोटो पाठवू नका. पाकिटात घाला, वर पत्ता लिहा, तिकीट लावा आणि ते कार्डच पोस्टात टाका.