मालदांडीची मुळं आणि आपली भाकरी

मुलुंडमध्ये गिरणीवर ज्वारी दळायला टाकताना हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ज्वारी गव्हापेक्षा महाग? हे तर गरिबाचं धान्य होतं!" मग कोणी व्यापाऱ्यांना शिव्या घालतं, कोणी सरकारला, आणि कोणी म्हणतं डाएटवाल्यांनीच भाव चढवला. तिन्हींत थोडं थोडं तथ्य असेल. पण रब्बी ज्वारी हे पीक नेमकं कशावर जगतं, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या भागाला, आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी वाढलो मुलुंडला, त्यामुळे माझी शेती सुट्टीपुरती. तरी एक गोष्ट लहानपणापासून डोक्यात बसलीय. आमच्याकडे ज्वारी पावसावर पेरत नाहीत, पाऊस संपत आला की पेरतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतरचे चार महिने पीक वाढतं, पोटऱ्यात येतं, दाणा भरतं, आणि वरून बहुतेक वेळा काहीच पडत नाही. सगळा संसार काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर.

मुंबईकराला हे पटकन कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तालुक्यात अख्ख्या वर्षाचा पाऊससुद्धा सहसा एवढा होत नाही. आणि त्यातला जो जमिनीत मुरला तेवढाच ज्वारीचा. म्हणजे वर्षाचा पगार एकदम हातात, तोही काम सुरू व्हायच्या आधी, आणि नंतर एक रुपया मिळणार नाही. आता तो पगार खात्यातून काढणार कोण? मुळं.

ज्वारीच्या बीमधून आधी एकच मूळ खाली जातं. नंतर खोडाच्या बुडातून जाड मुळांची फेर फुटते, आणि पीक खऱ्या अर्थाने पोसतं ते या दुसऱ्या मुळांवर. ती फुटायच्या वेळी वरचा थर ठणठणीत कोरडा झालेला असला तर ती मातीत नीट शिरतच नाहीत. पेरणीला आठ-दहा दिवस उशीर झाला तर जुने लोक एवढे का अस्वस्थ होतात, त्याचं हे एक कारण. (खोडमाशी हे दुसरं.) पुढे थंडीत काळी जमीन भेगाळते. भेगेतून ओल उडून जाते आणि आडवी गेलेली मुळं तुटतात. म्हणून पिकाला तीनदा कोळपतात. तिसऱ्यांदा, साधारण आठ आठवड्यांनी, दातेरी कोळपं चालवतात ते तणासाठी नाही, भेगा बुजवायला. मी एकदा शेतात उभा राहून "पीक किती उंच झालंय!" म्हणालो, तर चुलते म्हणाले, "वरनं काय बघतोयस? भेगंत हात घाल, मग सांग."

दाणा भरताना ओल संपली की खडखड्या येतो. मुळात आणि बुडात बुरशी शिरते, ताटं आतून पोकळ होतात आणि वाऱ्याने आडवी पडतात. दाणा गेला, कडबाही गेला.

अशा जमिनीत टिकणारं वाण म्हणजे मालदांडी. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हे वाण काढलं. ते आजही शेतात आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, खरिपाच्या ज्वारीचं चित्र पालटलं, पण रब्बीत मालदांडी हलली नाही. खरीप संकरित ज्वारी बुटकी, तिचा कडबा कमी, आणि भाकरी मालदांडीसारखी होत नाही हे तुम्हीही सांगाल. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो खाल्लीय, त्यांना तर हे सांगायलाच नको.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नंतर एक शहाणपणाचं काम केलं. एकच वाण सगळ्यांच्या गळ्यात न मारता जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणं दिली. फूटभर खोलीच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, त्याहून भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. जमीन किती खोल, म्हणजे ओल किती आणि मुळाला जागा किती, हाच तिथला हिशोब.

आता प्रश्न येतो, मग सरळ लांब मुळांची ज्वारी काढा की! इथे गोष्ट मजेशीर होते. मुळं दिसत नाहीत, हीच खरी अडचण. कणसं मोजायला अर्धा दिवस लागतो. मुळं मोजायला खड्डा खणा, माती धुवा, आणि तोवर निम्मी तुटलेली. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटने यावर उपाय म्हणून दोन-दोन मीटर उंचीचे पाइप मातीने भरून त्यात ज्वारी-बाजरी लावली, आणि दर काही दिवसांनी पाइप उचलून वजन केलं. मुळं किती लांब हे न बघता त्यांनी पाणी किती आणि कधी उचललं ते बघायचं. त्यातून निघालेली गोष्ट मला फार आवडते. नुसतं जास्त पाणी ओढणारं झाड जिंकत नाही. हरभऱ्यावरच्या अशाच प्रयोगांत जी वाणं सुरुवातीला हात आखडून पाणी वापरतात आणि फुलोऱ्यानंतर वापरायला काही शिल्लक ठेवतात, ती तगली. ज्वारीत ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात तो गुणही साधारण असाच. पानांचा पसारा आटोपशीर, त्यामुळे दाणा भरेपर्यंत ताट हिरवं.

म्हणजे उधळ्या पोरापेक्षा कंजूष पोरगं बरं. आमच्या आजीला हे पाइप न उचलता माहीत होतं.

मुळांवरच्या संशोधनातून थेट शेतात काही येतं का? येतं. हरभऱ्याचा आयसीसी ४९५८ हा खोल, दाट मुळांसाठी ओळखला जाणारा वाण. त्याचा तो जनुकीय तुकडा पुसा ३७२ मध्ये आणून २०१९ मध्ये पुसा १०२१६ हे वाण प्रसारित झालं, महाराष्ट्रासह मध्य भारतासाठी. भातात २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मुळांचा कोन ठरवणारं डीआरओ-१ हे जनुक दाखवलं, मुळं उभी गेली की दुष्काळात भात तगतो. आणि २०२० मध्ये उलटंही दाखवलं, की खारट भातशेतीत उथळ मुळांचा भात जास्त बरा. मिठागरांच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात रस असायला हरकत नाही, कारण खारभूमीचा भात आपल्या जवळच, पनवेलला, वर्षानुवर्षं अभ्यासला जातोय. तेव्हा ‘खोल मुळं चांगली’ असं कोणी सरसकट सांगितलं तर विचारा, कुठल्या जमिनीत?

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण ऑक्टोबरचा भरवसा गेलाय. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर-सोलापूर भागात ऐन पेरणीच्या दिवसांत धुवांधार पाऊस झाला, रानात पाय ठेवता येईना. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काढणीला आलेली ज्वारी झोपवली. पेरणी लांबली की मुळांना वेळ कमी मिळतो. अशा वर्षात कुठलं वाण लवकर खाली उतरतं, हे शोधायला रब्बीचा हंगाम वर्षात एकदाच मिळतो. तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे तीनच संधी, त्यातली एक पावसात गेली की दोन उरल्या. आणि कृषी विद्यापीठांत रिक्त पदांच्या बातम्या तर आपण नेहमीच वाचतो. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, कुकीज निघाल्या, सेल्फी पॉइंट झाले. मुळं धुवायला माणूस मात्र कंत्राटावर, तोही असला तर.

एक गोष्ट मला कुठल्याच परिसंवादात ऐकायला मिळाली नाही, ती सांगतो. आमच्याकडे भारी जमिनीतली ज्वारी बरेच जण कापत नाहीत, उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरून, कंबरेत वाकून, हिसका देऊन. हाताला फोड येतात, संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. हे काम करायला माणसं मिळत नाहीत, म्हणून कितीतरी जणांनी पाणी आलं की ज्वारी सोडून ऊस धरला. मशीनने काढावी तर कडबा वाया जातो, आणि कडब्याशिवाय ज्वारीचं गणित बसत नाही. आता संशोधकांनी उद्या अजून घट्ट, अजून खोल मुळांचं वाण दिलं, तर ते उपटणार कोण? वाण निवडताना उपटणाऱ्या बायांना विचारलं तर त्या एका हिसक्यात सांगतील कुठल्या ताटाचं मूळ कसं आहे. दरवर्षी हजारो मुळं त्यांच्या हातातून जातात, मोजमाप न करता.

तुमच्यापैकी ज्यांचं गाव मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूर, बार्शी, जत या पट्ट्यात आहे, त्यांनी घरी फोन करून एवढं विचारा आणि खाली लिहा: यंदा वाण कुठलं, पेरणी कुठल्या तारखेला झाली, आणि उपटणीला एकरी किती माणसं लागली. अंधेरी-बोरिवलीतही आमच्या भागातले खूप लोक आहेत, त्यांना टॅग करा. आकडे जमले तर तक्ता करून इथेच टाकीन.