मोटर एक, इमानं अनेक

घरी बनवलेल्या रिमोटच्या विमानात सगळ्यात स्वस्त काय, तर फोमबोर्ड. अमरावतीहून शीट आणल्या की एखाद्या रविवारात धड, पंख, शेपूट कापून ग्लू गननं चिकटवून होतं. पैसा जातो तो मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि बॅटरी यांत. म्हणून नांदगाव पेठला आमच्या घरी विमानं पुष्कळ झाली, पण मोटर एकच राहिली. ती एका विमानातून काढून दुसऱ्यात सहज बसावी, यासाठी मी जेवढा जीव लावला तेवढा पंखांच्या आकारालाही लावला नाही.

एमआयडीसीत फिटर म्हणून काम करताना हे रोजच पाहतो. मशीनची मोटर बंद पडली की आख्खी मोटर उतरवायची, तयार असलेली चढवायची, दुरुस्ती मग निवांत. मोठ्या विमानांतही हे जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बरचं मर्लिन इंजिन रेडिएटर आणि आवरणासकट एकच जोड म्हणून चढत-उतरत असे. छोट्या विमानांसाठी ही युक्ती घरोघरी नेली ती अमेरिकेतल्या 'फ्लाइट टेस्ट'च्या मंडळींनी. त्यांच्यातले जॉश बिक्स्लर यांनी काढता-घालता येणाऱ्या मोटरपेटीभोवती विमानांची मालिकाच आखली आणि नकाशे फुकट वाटले. त्याबद्दल मला त्यांचे उपकार वाटतात.

माझी मोटर 2212, 1000 केव्हीची. म्हणजे आतल्या गाभ्याचा व्यास 22 मिलिमीटर, उंची 12, आणि पंखा नसताना एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. तीन सेलची बॅटरी आणि 10 इंची पंखा लावला की पाऊण किलोच्या आसपास ओढ मिळते. सहा-सातशे ग्रॅमच्या शिकाऊ विमानाला ती भरपूर होते.

पेटी म्हणजे फोमबोर्डची तीन बाजूंची पन्हळ. तोंडाशी प्लायवूडची फळी, तिला फायरवॉल म्हणतात. मोटर या फळीवर स्क्रूनं बसते, ईएससी पन्हळीत, हवा लागेल असा. पेटी नाकातून आत सरकवायची आणि धडाच्या आरपार बांबूच्या दोन काड्या घालायच्या. बाहेरून रबर. एवढ्यावर ती घट्ट राहते, आणि विमान नाकावर आपटलंच तर काड्या मोडतात, मोटर वाचते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात हे फार कामी येतं.

खरी मेख कोनाची आहे. पंख्याच्या फिरण्यानं आणि त्याच्या पिळदार हवेनं विमान डावीकडे ओढतं, आणि जोर दिला की नाक वर करतं. म्हणून मोटर किंचित उजवीकडे आणि किंचित खाली झुकवतात, दोनेक अंश. हा कोन प्रत्येक विमानाच्या नाकात वेगळा कापत बसलं तर अदलाबदलीला अर्थच उरत नाही. मी तो पेटीच्या फळीतच दिला. सगळ्या विमानांची नाकं सरळ, आतलं माप एकच. त्या मापाचा प्लायचा ठोकळा भिंतीला टांगलेला आहे आणि नवीन धड त्याच्यावरच घडतं.

आणखी एक गोष्ट इथल्या उन्हानं ठरवली. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, त्यात मोटरची स्वतःची उष्णता. ग्लू गनचा डिंक तिथं मऊ पडतो. म्हणून फळी अ‍ॅराल्डाइटनं चिकटवतो. बाकी विमान ग्लू गनवर चालतं, फायरवॉल नाही.

16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि घरातल्या पोरांच्या तोंडी विमानाशिवाय विषय राहिला नाही. पुतणीनं स्वतःच्या मनानं एक धड कापून आणलं. पंख रुंद, शेपूट लांब, आणि नाक ठोकळ्याच्या मापाचं.

"काका, माह्या इमानाले तुमची मोटर बसन का?"

"बसन नं, काऊन नाही?"

तूर निघालेल्या रानात आम्ही सकाळी गेलो. जवळचं वीजकेंद्र आणि त्याच्या तारा आम्ही लांब ठेवतो, पण तिथल्या चिमणीचा धूर वरच्या वाऱ्याची दिशा सांगतो, तेवढा उपयोग करून घेतो. माझ्या विमानाच्या काड्या ओढल्या, पेटी काढली, तिच्या विमानात सरकवली. ईएससीची सिग्नलची वायर रिसीव्हरला जोडली. पंखाखाली तिनं मार्करनं खूण केली होती, पंखाच्या रुंदीच्या पुढून चौथ्या हिश्श्यावर. तिथं दोन बोटांवर विमान तोललं. शेपूट जड होती, बॅटरी पुढे सरकवून वेल्क्रोवर दाबली. बॅटरीचं कनेक्शन सगळ्यात शेवटी, पंख्यापासून हात दूर ठेवून. यात मी कुणाला सूट देत नाही.

विमान हातातून सुटलं आणि ट्रिमला फारसा हात न लावता सरळ चढलं. तिनं कापलेले पंख हवेत तरंगत होते आणि मोटर माझ्या विमानातली होती. आपल्या हातचं यंत्र दुसऱ्याच्या कल्पनेला उचलून धरतं, याचा एवढा आनंद मला कारखान्यातही कधी झाला नाही. महागाची मोटर जाईल या धास्तीनं पोरं नवा आकार करून पाहत नाहीत. पेटीमुळे ती धास्ती निम्मी होते.

आता ती बिनशेपटीचं फ्लाइंग विंग कापते आहे. त्यात मोटर मागे, म्हणून पेटी उलटी बसेल. पंख्यावरची अक्षरं मात्र उडण्याच्या दिशेलाच हवीत, आणि मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करून फिरणं उलटं करावं लागेल. त्या तारांना बुलेट कनेक्टर आहेत, डाग द्यायची गरज नाही. मागे जागा कमी असल्यानं 8 इंची पंखा मागवला आहे. तो येईपर्यंत पेटी शिकाऊ विमानात आहे आणि गल्लीतली पोरं त्यावर हात बसवताहेत.