पाच भागीदार ‘आलं’!

रावपुरा, बडोदे

प्रिय नीलू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच. होय, मी पोलिश शिकतेय. तेही ‘हवा काय म्हणते’ छापाचं नाही. भागीदार, भांडवल, गुंतवणूकदार, नफा, तोटा, बस्स. तू इतकी वर्षं व्रोत्सवाफला राहून भाजी आणण्यापुरतं शिकलीस, मी इथे बसून कंपनी काढण्यापुरतं शिकणार. दोघी मिळून एक पोलिश बाई होईल.

झालं असं, आमच्या सीए ऑफिसचे एक जुने क्लायंट मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्ह बनवतात. पोलंडमधला एक छोटा कारखाना त्यांच्याकडून माल घेता घेता आता म्हणतोय, भागीदारच व्हा. कागद आले दोन रकान्यांत, डावीकडे पोलिश, उजवीकडे इंग्रजी. शेवटी एक ओळ : दोन्हींत फरक पडल्यास पोलिश मजकूर खरा धरावा. ती ओळ वाचली आणि मी नवी वही काढली. इंग्रजी रकाना वाचायला सोपा गं, पण कोर्टात उभा राहणार तो डावीकडचा.

इथे ‘पोलिश’ म्हटलं की मराठी माणूस कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी काढतो. 1943 ते 48, पाचेक हजार निर्वासित होते तिथे. गुजराती माणूस जामनगरचे जामसाहेब आणि त्यांची बालाचडीची छावणी काढतो. आमचे क्लायंट काढतात राजदूत! एस्कॉर्ट्सची ती मोटरसायकल मूळच्या पोलिश एसएचएल एम-11 वरून बनवलेली. वडिलांची राजदूत कधी रस्त्यात बंद पडली नाही, म्हणून पोलिश माणसावर त्यांचा विश्वास. अशा पायावर सौदे उभे राहतात बघ.

त्यांचा प्रश्न एकच : “बेन, मारुं घर तो नहीं जाय ने?” किती टक्के मिळणार हे नंतर. मला वाटतं व्यापाराची परभाषा शिकायची ती या प्रश्नापासूनच. पुस्तकं नफ्यापासून सुरुवात करतात. नफ्याला कुठल्याही भाषेत माणसं आपोआप जमतात. बुडाल्यावर कोणी भरायचे, यासाठी मात्र पोलिशमध्ये शब्दांचं अख्खं खानदान आहे.

घराण्याचं आडनाव ‘स्पुव्का’. आपली भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड, पब्लिक लिमिटेड, सगळ्या स्पुव्काच. पुढे काय लागतं ते महत्त्वाचं. ‘याव्ना’ लागलं तर ती उघडी स्पुव्का, जवळजवळ आपल्या 1932 च्या कायद्यातली भागीदारी : कंपनीकडून वसूल झालं नाही की भागीदाराच्या घरावर. ‘पार्तनेर्स्का’ ऐकून मी खूश झाले होते, पण ती फक्त डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, करसल्लागार अशांसाठी. म्हणजे व्हॉल्व्हवाल्याला पोलिश कायद्यात ‘पार्टनर’ होताच येत नाही, त्याने ‘फ्स्पूल्निक’च, म्हणजे साधा भागीदारच, व्हायचं. (हा उच्चार करताना माझी कवळी निघेल अशी भीती वाटते.)

‘कोमान्दितोवा’ सगळ्यात बेरकी. तिच्यात एक जण असेल-नसेल त्या सगळ्यानिशी जबाबदार, दुसरा करारात लिहिलेल्या रकमेपुरता. मग लोकांनी काय केलं, त्या पहिल्याच्या खुर्चीत माणसाऐवजी एक मर्यादित कंपनी बसवली! हिशेबात सगळे देश एका गोत्राचे. आणि ‘चिखा’, म्हणजे गप्प. आपला स्लीपिंग पार्टनर तिथे झोपत नाही, नुसता तोंड मिटून असतो. तिला आजच्या कायद्यात वेगळी जागा नाही, करारावर चालते.

आमच्या कागदावर मात्र आहे ‘झेट ओ-ओ’, मर्यादित जबाबदारीची. किमान भांडवल 5,000 झ्वोती, म्हणजे लाख-सव्वा लाख रुपये. आपल्याकडेही प्रायव्हेट लिमिटेडला लाखाची अट होती, ती 2015 मध्ये गेली. मी क्लायंटना म्हटलं, घर सुरक्षित. ते पेढे मागवायला निघाले, तेवढ्यात मी पोलिश कंपनी कायद्यातलं कलम 299 वाचलं. कंपनीकडून वसुली होईना तर ‘झाझोंत’मधल्या, म्हणजे संचालक मंडळातल्या लोकांना स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं. दिवाळखोरीचा अर्ज वेळेत केला होता वगैरे सिद्ध केलं तरच सुटका. आणि पोलिश कारखानेवाल्यांनी प्रेमाने देऊ केलंय काय, तर मंडळावर जागा! मी स्पष्ट सांगितलं, भाग घ्या, खुर्ची घेऊ नका. त्यांचा चेहरा पडला. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रेझेस’, म्हणजे अध्यक्ष, छापायचं डोक्यात होतं ना.

व्याकरणाचं विचारू नकोस. सात विभक्ती आहेत, आपल्याला आठांची सवय, त्याचं काही नाही. पण आकडे! दोन भागीदार ‘प्शिश्ली’, म्हणजे आले. पाच झाले की ‘प्शिश्वो’, एकवचनी नपुंसकलिंगी. पाच भागीदार आलं! भागीदार वाढले की त्यांचं काय होतं हे त्या भाषेने फार आधी ओळखलेलं दिसतं.

आणि हे कंपन्यांचं सगळं पोलंडमध्ये मध्येच गोठलं होतं बरं का. 1934 चा व्यापारी कायदा कम्युनिस्ट राजवटीत नावापुरता उरला, मग 1989 नंतर तोच झटकून पुन्हा वापरला. शेअर बाजार 16 एप्रिल 1991 ला सुरू झाला पाच कंपन्यांवर, आणि जागा कुठली, तर कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयाची इमारत! आताचा कायदा 2000 चा, लागू 2001 पासून.

तू म्हणशील, बडोद्यात बसून हे कसलं खूळ. अगं, हे गावच त्या खुळाचं. 1931 मध्ये सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला, फारसी आणि बंगालीसुद्धा त्यात. बडोद्याचा स्वतःचा कंपनी कायदा 1897 चा, त्याखाली 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, दहा लाखांच्या भांडवलावर. आदल्या वर्षी अलेम्बिक कंपनी, त्यात गज्जर, अमीन यांच्याबरोबर आपले कोटीभास्कर. भागीदारीत गुजराती-मराठी जमतं, तर पोलिश का नाही?

आता तुझं काम. पोलंडचं कंपनी रजिस्टर, केआरएस, ऑनलाइन फुकट बघता येतं. भांडवल, मंडळ सगळं आहे, पण भागीदारांची नावं दहा टक्के किंवा वरचीच. आमच्या क्लायंटना देऊ केलेत आठ. म्हणजे उताऱ्यात नाव नाही. हे कळल्यापासून घराची चिंता संपली, आता एकच धोशा, “बेन, दस टका करावो ने.” नफ्यासाठी नाही गं, नावासाठी. तिकडे हे मागणं वावगं दिसेल का, ते तुझ्या ऑफिसातल्या कोणाला तरी विचार, आणि कारखान्याच्या मालकांना बैठकीत हाक कशी मारायची तेही. पुस्तकात ‘पान्ये प्रेझेश्ये’ दिलंय. रेकॉर्ड करून पाठव, सावकाश म्हण.

तुझी,
सुधा