शेपटाची साक्ष

सोलापुरांत सात रस्त्याजवळ राहणाऱ्या माणसाला चार नव्हे, तर सात दिशांवर लक्ष ठेवण्याची संवय आपोआप लागते. कोणत्या रस्त्यानें रिक्षा येईल, कोणत्या रस्त्यानें मोटार वळेल, याचा अंदाज घेतल्यावांचून येथें पाऊल टाकतां येत नाहीं. इतकें असूनहि येथील एकूण एक माणूस पाहतो तें पुढचें आणि बाजूचें. स्वतःच्या पाठीमागें काय चाललें आहे, इकडे फारसें कोणी पाहत नाहीं. रिक्षावाल्याचा आरसादेखील बहुधा त्याच्या स्वतःच्या भांगाकडे वळविलेला असतो. वाहनाचा मागचा भाग दुसऱ्यांनीं पाहावयाचा, अशीच जणूं कांहीं समजूत आहे.

विमानाच्या बाबतींत ही समजूत चालत नाहीं. होटगी रस्त्यावरील आमच्या विमानतळावरून ९ जून २०२५ रोजीं गोव्याची विमानसेवा सुरू झाली, तेव्हां आमच्या भागांतील मुलें आवाज ऐकतांच गच्चीवर धांवूं लागलीं. मुलांचे डोळे खिळत ते विमानाच्या पंखांवर आणि नाकावर. शेपटाचें कौतुक करणारा मुलगा मला अद्यापि भेटलेला नाहीं. खुद्द वैमानिकहि नाकाजवळ बसतो. बसल्या जागेवरून त्याला शेपूट दिसत नाहीं. ज्याच्यावर त्याच्या जिवाचा भार, तें सर्व वेळ त्याच्या पाठीमागें!

विमानाचें शेपूट म्हणजे शोभा नव्हे. लहान विमानाचा तोल तराजूसारखा असतो. वजनाचा मध्य पंखांच्या उचलीच्या मध्याहून थोडा पुढें ठेवलेला असल्यामुळें विमानाचें नाक सदैव खालीं झुकूं पाहतें. शेपटाचे दोन आडवे पंख हवेच्या जोरानें मागची बाजू खालीं दाबून धरतात आणि दांडी समतोल राहते. तें पारडें निखळलें, तर नाक जमिनीकडे वळतें. मग वैमानिकाच्या हातांत फारसें कांहीं उरत नाहीं.

हें सारें मला शिकविलें तें माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें. महाविद्यालयांत असतांना तो माझ्या इंग्रजी कवितेच्या तासाला बसे. परंतु कवितेच्या अर्थापेक्षां पाठ्यपुस्तकांतील छपाईच्या चुका शोधून मला आणून दाखविण्यांत त्याला अधिक गोडी. पुढें विमानदुरुस्तीचा परवाना मिळवून तो एका उड्डाणशाळेंत इंजिनियर झाला. "सर, तुमच्या तासाला मी इतके दिवस बसलों, आतां एकदां माझ्या तासाला तुम्ही या," असा त्याचा निरोप आला, आणि सुटींत मी गेलों.

त्या दिवशीं दुसरीकडून विकत घेतलेलें एक दोन आसनांचें विमान तपासावयाचें होतें. नव्या रंगानें तें पोळ्याच्या बैलासारखें नटलेलें होतें. मीं तसें बोलून दाखवितांच तो म्हणाला, "सर, नवा रंग दिसला कीं मला अधिक भीति वाटते." मला आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेंतील बैलबाजार आठवला. तेथें जाणता शेतकरी शिंगांच्या रंगाला भुलत नाहीं. तो दांत पाहतो, बैल चालवून पाहतो, शेपटाला हात घालतो.

प्रथम तो विमानापासून वीस-पंचवीस पावलें मागें जाऊन नुसता उभा राहिला. "काय पाहतोस?" मीं विचारलें. "शेपटाची आडवी रेघ सरळ आहे कीं नाहीं तें." मग फीत घेऊन त्यानें शेपटाच्या दोन्ही टोंकांपासून धडावरील एकाच खुणेपर्यंतचें अंतर मोजलें, दोन्ही अंतरें सारखीं आलीं पाहिजेत. नंतर तो उताणा होऊन शेपटाखालीं शिरला. तेथें विमान दोरीनें बांधून ठेवण्याची एक कडी असते. ती वांकलेली असेल, किंवा तिच्यावर खरवडल्याच्या खुणा असतील, तर उतरतांना केव्हांतरी शेपूट जमिनीला लागलें असावें, असें समजावयाचें. टॉर्चचा प्रकाश त्यानें पत्र्यावर समोरून न टाकतां कडेनें, पत्र्याला चाटून जाईल असा टाकला. समोरच्या उजेडांत न दिसणाऱ्या सुरकुत्या तिरप्या उजेडांत सावली टाकतात. रिव्हेटांच्या मागें काजळाची रेघ दिसते का, हेंहि त्यानें पाहिलें. रिव्हेट सैल झाला कीं तो पत्र्याशीं घांसून ॲल्युमिनियमची बारीक भुकटी निघते आणि ती वाऱ्याबरोबर मागें ओढली जाते. असा रिव्हेट 'धूर सोडतो' असें हे लोक म्हणतात.

नव्या रंगावर यांतलें कांहींच दिसेना. तेव्हां त्यानें शेपटाच्या बुडाशीं असलेलें आवरण स्क्रू काढून उतरविलें, आणि दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांडीचा आरसा आंत घातला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें आरसा माझ्या हातीं दिला. आडव्या शेपटाच्या आंत एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पत्र्याची एक तुळई जाते. तिला स्पार म्हणतात. तिच्या अगदीं मध्यावर, पोस्टकार्ड मुठींत दाबलें असतां पडते तशी, एक घडी पडली होती. घडीलगतच्या छिद्रापाशीं त्यानें तांबडा पातळ रंग लावला, कांहीं वेळानें तो पुसून काढला आणि वर पांढरी पूड फवारली. त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक तांबडी रेघ हळूहळू उमटली. भेगेंत शिरलेला रंग पुडीनें शोषून वर आणला होता.

"हें कशानें झालें?" मीं विचारलें.

"दाबल्यानें, सर. जमिनीवर विमान वळवायचें झालें, कीं कोणीतरी शेपटावर दोन्ही हात टेकून तें खालीं दाबतो. पुढचें चाक उचलतें आणि विमान जाग्यावर फिरतें. तसें करूं नका असें विमान बनविणारे बजावून सांगतात. पण भर उन्हांत माणूस एकटा असला, कीं सोपें तें करतो."

तें नुकसान आकाशांतल्या वादळानें केलेलें नव्हतें; तें जमिनीवर उभ्या विमानाचें झालें होतें. विमानाच्या नोंदवहींत त्याविषयीं एक ओळहि नव्हती. माझ्या विद्यार्थ्यानें ती ओळ लिहिली, आणि उड्डाणास योग्य म्हणून सही करावयाची जागा कोरी ठेवली. हँगरच्या दाराशीं तीन शिकाऊ मुलें वाट पाहत उभीं होतीं. आज उडावयाचें नाहीं, असें कळतांच त्यांचे चेहरे उतरले. आपण कशांतून वांचलों, हें त्यांच्या ध्यानांतहि आलें नसेल.

लपण्याची ही कला केवळ पत्र्यालाच अवगत आहे, असें नाहीं. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रांट्ल यांच्या हाताखालीं शिकून आले आणि पुढें बंगलोरच्या कारखान्यांत त्यांनीं भारतीय विमानें घडविलीं. त्यांतलें 'पुष्पक' हें लहान विमान १९५८ सालीं प्रथम उडालें. त्याचें धड पोलादी नळ्यांचें आणि वर कापडाचें आवरण. शेपटाखालीं लहानसें चाक असल्यामुळें जमिनीवर असतांना अशा विमानाची मागची बाजू सर्वांत खालीं असते. आंत शिरलेलें पाणी उतारानें तेथें जमतें आणि कापडाआड नळी गंजूं लागते. सोलापुरी चादरीचें जाणतें गिऱ्हाईक ती उलटी करून पाहतें. विमानाचें कापड असें उलटें करतां येत नाहीं. म्हणून तपासणारा तेथील नळ्या ठोकून आणि टोंचून पाहतो.

मोठ्या विमानांच्या कथा अधिक दारुण आहेत. २ जून १९७८ रोजीं जपानांत ओसाका येथें उतरतांना एका बोइंग ७४७ विमानाचें शेपूट धांवपट्टीला घांसलें. मागची हवाबंद पडदी दुरुस्त करतांना जोडपट्टी अखंड न बसवितां दोन तुकड्यांत बसविली गेली. जो भार रिव्हेटांच्या दोन ओळींनीं घ्यावयाचा, तो एकाच ओळीवर आला. विमान सात वर्षें उडत राहिलें. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं पडदी फुटली, शेपटाचा मोठा भाग उडून गेला, आणि ५२४ पैकीं ५२० माणसें प्राणांस मुकलीं. ७ फेब्रुवारी १९८० रोजीं हाँगकाँग येथें असेंच शेपूट घांसलेलें दुसरें एक विमान २५ मे २००२ रोजीं तैवानच्या सामुद्रधुनीवर दुभंगलें. २२५ माणसें गेलीं. तेथें दुरुस्तीच्या ठिगळाखालीं मूळच्या ओरखड्यांपासून भेगा वाढत होत्या आणि ठिगळानेंच त्या झांकल्या होत्या. या दोन्ही ठिकाणीं धक्का लागल्याचें ठाऊक होतें, दुरुस्तीहि झाली होती. तरी हें घडलें. मग जो धक्का कोणीं सांगितलाच नाहीं, त्याचें काय?

मला त्या शेपूट दाबणाऱ्या अज्ञात माणसाचा राग येत नाहीं. पत्रा दबल्याचा आवाज त्याला आला असेल वा नसेलहि. आला असला, तरी तो सांगितल्यानें पगार कापला जाणार, चार लोकांत शोभा होणार, हें त्याला पक्कें ठाऊक असलें पाहिजे. हें जाणूनच अमेरिकेंत १९७६ सालीं एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकांनीं आणि यंत्रज्ञांनीं आपल्या चुका व पाहिलेले धोके लिहून कळवावयाचे; लिहिणाऱ्याचें नांव काढून टाकलें जातें. हीं पत्रें घेण्याचें काम विमानांवर हुकमत चालविणाऱ्या खात्याकडे न देतां नासा या संशोधनसंस्थेकडे सोंपविण्यांत आलें. जिच्या हातीं छडी नाहीं, तिच्याजवळ माणूस मोकळेपणानें बोलतो.

आपल्या घरांत कपबशी पडल्याचा आवाज झाला, कीं पहिला प्रश्न येतो तो "कोणीं फोडली?" हा. "कोणाला लागलें का?" हा प्रश्न दुसरा. मुलें हा क्रम फार लवकर शिकतात. मग एखादे दिवशीं तडा गेलेला कप, तडा भिंतीकडे करून, फळीवर नीट मांडून ठेवलेला आढळतो. आणि त्यांत कढत चहा ओततांना कोणाचा तरी हात भाजतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतहि तडकलेलें कांचेचें भांडें असेंच कपाटाच्या मागच्या रांगेंत जातें. नुकसान दडतें तें पत्र्याखालीं खरें. परंतु त्याआधीं तें कोणाच्या तरी जिभेखालीं दडलेलें असतें. तेथें आरसा पोंचत नाहीं आणि तांबडा रंगहि चालत नाहीं.

माझा विद्यार्थी आपल्या हाताखालच्या पोरांना रोज सकाळीं एकच प्रश्न विचारतो: "काल विमानाला काय लागलें?" कोणीं लावलें, हें तो विचारीत नाहीं. पहिले कांहीं महिने कोणी तोंड उघडीना. मग एके दिवशीं एका पोरानें चांचरत सांगितलें, कीं शिडी हलवितांना ती शेपटाला लागली. यानें कामें बाजूला ठेवून शेपूट उघडलें, आरसा घालून इकडून तिकडून पाहिलें. आंत कांहींहि झालेलें नव्हतें. त्यानें आवरण पुन्हा बसविलें, वहींत तशी नोंद केली, आणि त्या पोराला बाहेर नेऊन चहा पाजला.