आंब्याच्या पेटीतील सूर्यचूल

सूर्यचूल म्हटली की पुष्कळांच्या दृष्टीपुढे प्रथम आरसा उभा राहतो. परंतु रत्नागिरीत पदार्थविज्ञान शिकवीत असता विद्यार्थ्यांकडून अशा चुली करवून घेतल्यावर माझे मत असे बनले आहे की, या मामल्यात आरशापेक्षा भाताच्या तुसाचे मोल अधिक आहे.

आरशांचा मार्ग जुना आणि आदरणीय आहे, यात संशय नाही. मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स यांनी १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, आरशांच्या अष्टकोनी चुलीवर ऐन जानेवारीत सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजल्याचे नमूद केले आहे. पण कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत आरशाचा पारा लवकर उडतो, आणि गरीब घराला तो वारंवार बदलणे परवडत नाही.

हिशेब पाहावा. निरभ्र मध्याह्नी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. म्हणजे ५० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या काचेच्या वाट्याला अवघे २५०, आणि त्यातूनही काही काच परतविते. एवढ्या बेताच्या मिळकतीत संसार चालवायचा तर गळती थांबविलीच पाहिजे.

म्हणून हंगामानंतर मोडकळीस आलेल्या आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या जुळवून ६० सेंटिमीटरची बाहेरची पेटी ठोकावी, आत बिनचमकीचा काळा रंग दिलेली पत्र्याची पेटी बसवावी, आणि मधल्या पोकळीत व तळाशी तूस ठासून भरावे. हे तूस कढईत परतून कोरडे केलेले असावे, कारण उष्णता अडविण्याचे काम कणाकणांत कोंडलेली हवा करते आणि पावसाळ्यात शोषलेला ओलावा तिचा सारा गुण घालवितो. झाकणाला सेंटिमीटरभर अंतर राखून दोन काचा लांबीने बसवाव्यात, व कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावावी. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण तापलेल्या पत्र्यातून निघणारी उष्णता थेट बाहेर पडू देत नाही. रंगाचा वास जाईपर्यंत पेटी रिकामीच उन्हात ठेवावी. बाहेरून काळ्या केलेल्या झाकणीच्या भांड्यात तांदूळ, नेहमीपेक्षा थोडे कमी पाणी घालून, दोनएक तासांत शिजतात. डाळीला अधिक वेळ लागतो. मध्येच झाकण उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरावा.

आरसा एकच पुरे, आणि तोही ऋतुमानाप्रमाणे फिरता हवा. डिसेंबरात मध्याह्नीचा सूर्य दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, तेव्हा उत्तरेच्या कडेचा आरसा जवळजवळ उभा ठेवावा. उन्हाळा चढेल तसा तो मागे कलता करीत न्यावा. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य रत्नागिरीच्या माथ्यावर येऊन उत्तरेकडे सरकतो. त्यानंतर मृगाच्या सरी येईपर्यंत सबंध पेटीच वळवून आरसा दक्षिणेस आणावा.